हातवहीत नसलेली सही

मावशींच्या हातांना कायम साबणाचा वास यायचा. कपड्यांना फिनेलचा येवो, अंगाला घामाचा येवो, हात मात्र सकाळी सातला बघा नाहीतर संध्याकाळी पाचला, साबणाचेच. पेरांवर चिरा पडलेल्या, नखं मुळापर्यंत कापलेली, तळव्याची कातडी पांढुरकी आणि सुरकुतलेली. शाळेतल्या शिक्षिका थट्टा करायच्या, मावशी, तुमची भाग्यरेषासुद्धा धुऊन गेली असेल. मावशी म्हणायच्या, असती तर गेली असती ना.

हे खूळ शाळेत लागलेलं नव्हे. लग्नाआधी चार वर्षं त्या एका बाळंतपणाच्या दवाखान्यात आया होत्या. तिथली मोठी सिस्टर म्हणजे मिरचीच. बाळाला हात लावायच्या आधी प्रत्येक आयेला तळवे पुढे करायला लावायची आणि चक्क नाक नेऊन वास घ्यायची. नुसते ओले हात तिला चालायचे नाहीत. ओले हात कोणीही दाखवेल, म्हणायची, वास दाखव. एकदा एका आयेने आळस केला आणि दोन दिवसांचं एक बाळ हगवणीने गेलं. ती सिस्टर ओरडली नाही, कोणाला बोलली नाही, नुसती भिंतीला टेकून बसली. मावशींनी ते पाहिलं होतं. दवाखाना सुटला, पण ते काही डोक्यातून सुटलं नाही.

म्हणून मग घरी लेकीला तीच शिस्त. लेक एकच, अंगाने किडकिडीत, म्हणून घरात तिला बारकी म्हणायचे. ताटावर बसण्याआधी बारकीने दोन्ही तळवे आईच्या नाकाशी आणायचे. आई म्हणणार, "वास दे." वास आला तर ताट पुढे, नाही तर परत मोरीत. बारकी चार-पाच वर्षांची होती तेव्हा तिला हा खेळच वाटायचा. मुद्दाम नुसते ओले हात घेऊन यायची, पकडली गेली की खिदळत परत पळायची. बारकीच्या बापाने दुसऱ्या गावी काम धरलं आणि मग हळूहळू दुसऱ्या गावीच संसार धरला. तेव्हापासून घरात दोघीच. जेवणाआधीचा हा खेळ तेवढा राहिला.

शाळेत मावशी चौदा वर्षं होत्या. आठवी ते दहावी, सहा वर्ग, अडीचशेच्या आसपास पोरं-पोरी. खोल्या झाडायच्या, संडास धुवायचे, टाकी भरायची, आणि मधल्या सुट्टीत व्हरांड्यातल्या पिंपातून लांब दांड्याच्या ओगराळ्याने पोरांना प्यायचं पाणी द्यायचं. पाण्याच्या कामाला बसण्याआधी त्या कोपरापर्यंत हात धुवायच्या. आणि एवढं सगळं करून हंगामी. कसला हंगाम, ते एका देवालाच ठाऊक. फळांचा हंगाम दोन महिन्यांत आटोपतो, मावशींचा चौदा वर्षं चालला होता. कायम झालं की सुट्टीतही पगार, म्हातारपणी पेन्शन, आणि मुख्य म्हणजे आजारी पडायचा हक्क. त्या वर्षी कधी नव्हे ते त्यांचा कागद वरच्या कार्यालयात हलला होता. फक्त मोठ्या बाईंची शिफारस जायची राहिली होती. मोठ्या बाई म्हणजे मुख्याध्यापिका. वर्षअखेर देते म्हणाल्या होत्या. मावशींचा सगळा जीव त्या एका कागदात अडकलेला.

त्याच वर्षी शाळेला हात धुण्याचा कट्टा मिळाला. कुठल्याशा संस्थेने बांधून दिला. आठ नळ, पांढऱ्या फरश्या, साबणाला खोबण्या, आणि भिंतीवर हात धुण्याच्या सात पायऱ्या, चित्रांसकट. मावशी म्हणाल्या, बाई, मागे संडासांपाशी बांधू या, पोरं बाहेर पडली की तिथल्या तिथे धुतील. मोठ्या बाईंना ते पटलं नाही. पाहुणा फाटकातून आत आला की पहिली नजर कट्ट्यावर पडली पाहिजे, असं त्यांचं म्हणणं. म्हणून मग कट्टा बांधला पटांगणाच्या ऐन मध्यावर, फाटकासमोर. फाटकासमोर म्हणजेच दहावीच्या दोन्ही वर्गांच्या खिडक्यांसमोर.

आता तुम्ही म्हणाल, त्यात काय बिघडलं. तुम्ही चौदा वर्षांची पोर होऊन बघा म्हणजे कळेल. संडासातून बाहेर पडायचं, उघड्या पटांगणातून चालत कट्ट्यापाशी जायचं आणि अख्ख्या दहावीकडे पाठ करून हात चोळत उभं राहायचं. खिडकीतली पोरं मोजायची. अमकी आज दुसऱ्यांदा गेली, तमकीने साबण दोनदा लावला, आज हिची तब्येत बरी नाही वाटतं. मग हशा. पोरींनी काय करावं? आधी दोघी-दोघींनी जायला लागल्या. मग दिवसभर पाणी प्यायचं सोडलं. मग कट्टाच सोडला. आणि पोरं तरी धुवायची का? हात धुणाऱ्या पोराला बाकीचे म्हणणार, काय रे, मुलगी बघायला निघालास का. म्हणजे पोरी पोरांमुळे धूत नव्हत्या आणि पोरं पोरांमुळे धूत नव्हती. नळ आठच्या आठ कोरडे.

त्यांना काही ठाऊक नव्हतं अशातला भाग नाही. सगळं पाठ होतं. जंतू किती, कुठे, नखात काय असतं, किती वेळ चोळायचं, सात पायऱ्या उलट्या विचारा की सुलट्या. पेपरात पैकीच्या पैकी. कळतं पण वळत नाही, असं आपण म्हणतो आणि मोकळे होतो. त्या पोरींना कळतही होतं आणि वळतही होतं. त्या वळायच्या आणि समोर खिडकी असायची.

मावशींनी आपल्या परीने करून पाहिलं. मोठ्या बाईंकडे पत्र्याचा एक आडोसा मागितला. आडोसा घातला तर कट्टा फोटोत कसा येणार, असं उत्तर मिळालं. मग त्यांनी घरून एक बादली, तांब्या आणि साबण आणून मुलींच्या संडासात आतल्या बाजूला ठेवला आणि बादली दोन-दोन तासांनी स्वतः भरायला लागल्या. आठ दिवस काय सुरेख चाललं. पोरी आतच हात धुऊन बाहेर पडायच्या, कोणाचं कोणाकडे लक्ष नाही. नवव्या दिवशी संस्थेची माणसं येणार म्हणून मोठ्या बाईंनी फेरी मारली आणि बादली पाहिली. कट्टा असताना बादली ठेवली, म्हणजे कट्टा वापरत नाहीत असा अर्थ निघतो, असं त्यांनी मावशींना समजावलं. अगदी शांतपणे, लहान मुलाला समजवावं तसं. बादली मावशींच्या घरी परत गेली.

संस्थेच्या माणसांना पुरावा हवा होता. पोरं हात धुतात हे कागदावर कसं दाखवायचं? मोठ्या बाईंनी डोकं लढवलं आणि हातवही काढली. जाड पुठ्ठ्याची वही, वर्गवार पानं, प्रत्येकाच्या नावापुढे रोजचे चौकोन. संडासाला जाऊन आल्यावर आणि डबा खाण्याआधी हात धुवायचे आणि चौकोनात सही करायची. वही व्हरांड्याच्या टोकाला, पाण्याच्या पिंपाशेजारी एका टेबलावर. शेजारी स्टुलावर मावशी, लक्ष ठेवायला. पेन एकच, टेबलाच्या पायाला सुतळीने बांधलेलं, कारण पोरं पेन पळवतात. पहिल्या दिवशी मावशींनी कारकुनाला विचारलं, माझी सही कुठे करू? कारकून म्हणाला, तुम्ही कधीपासून विद्यार्थी झालात? मग मावशींनी पुन्हा विचारलं नाही.

पहिले दोन-तीन दिवस पोरं मुकाट्याने कट्ट्यावर गेली. चौथ्या दिवशी एक मुलगी संडासातून निघाली आणि पटांगणात न उतरता सरळ टेबलाशी आली. हात कोरडे. डोळे भरलेले. आदल्या दिवशी तिच्या कपड्याला डाग पडला होता आणि ती तो कट्ट्यावर धूत असताना खिडकीतून कोणीतरी मोठ्याने काहीतरी बोललं होतं. काय ते मावशींना ऐकू आलं नव्हतं, हसणं तेवढं आलं होतं.

"मावशी, सही करू?" ती हळूच म्हणाली.

ती मुलगी म्हणजे बारकी. मावशींची स्वतःची लेक, नववी ब. शाळेत ती आईला मावशीच म्हणायची. आठवीत पहिल्या दिवशी तसं म्हणाली आणि मग तेच पडलं. सगळ्यांना माहीत होतं ही कोणाची पोर, पण तोंडाने कोणी बोलायचं नाही. मावशींना आधी लागलं होतं, मग त्यांनी स्वतःची समजूत घातली की अडीचशे पोरं मावशी म्हणतात, त्यात एक आपली. असो. त्या दिवशी मावशींनी लेकीच्या हातांकडे पाहिलं, डोळ्यांकडे पाहिलं, आणि पेन उचलून तिच्या हातात दिलं. बारकीने पेन तोंडात धरलं, पान उलटून आपलं नाव शोधलं, सही केली आणि गेली.

एकीला दिलं म्हटल्यावर दुसरीला कुठल्या तोंडाने नाही म्हणणार? दुसऱ्या दिवशी चौघी आल्या, आठवड्याने सगळ्याच. मग पोरांनी पाहिलं, तीही थेट टेबलाशी. महिन्याभरात कट्ट्यावर कावळे अंघोळीला यायला लागले आणि वही मात्र भरगच्च. संस्थेची माणसं वही चाळून खूश झाली. मोठ्या बाईंनी आरोग्यदूत नेमले, छातीला लावायला हिरवा बिल्ला. सात पायऱ्या सगळ्यांत झोकात कोण म्हणून दाखवतं? बारकी. मग बिल्ला तिला. वर्षअखेर स्वच्छ हातांची ढाल द्यायचा मोठा समारंभ होता, त्यात शाळेच्या वतीने तिने बोलायचं ठरलं.

घरी मावशींनी एकदाच विषय काढला. म्हणाल्या, बिल्ला लावून फिरतेस आणि हात कोरडे, मनाला काही वाटतं का? बारकी म्हणाली, "आई, एकदा तू त्या खिडकीसमोरून चालून दाखव. माझ्या वयाची होऊन."   घरी वास द्यायचा नेम चालू होता, तेवढ्यावर मावशींनी समाधान मानलं.

तीन महिन्यांनी दहावीतला एक मुलगा पिवळा पडला. कावीळ. आठवडाभरात आणखी सहा. महिना उलटेस्तोवर आकडा एकोणीसवर गेला, त्यात नववीतली एक लांब वेणीवाली मुलगी पार दवाखान्यात, नळ्या लावून. नशीब, कोणी दगावलं नाही, पण तिचं वर्ष गेलं. बारकीला काही झालं नाही. पालक फाटकाशी जमायला लागले, रोज थोडे जास्त. मोठ्या बाईंनी टाकी रिकामी करून धुवायला लावली. मावशी टाकीत उतरल्या आणि चारही भिंती घासून आल्या.

मग सरकारी दवाखान्याचा डॉक्टर आला. तरुण माणूस, चार शाळा करून थकलेला. त्याने टाकीचं पाणी आधीच तपासायला नेलं होतं, पिंपाचंही. दोन्ही स्वच्छ निघालं. मग तो व्हरांड्यात उभा राहून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला की ही कावीळ पोटातून हाताला लागते आणि हातातून तोंडात जाते. संडासहून येऊन हात न धुणारा एक माणूस पुरतो. इथे पोरं हात धुतात का?

मोठ्या बाईंनी हातवही पुढे केली. चार महिने, अडीचशे नावं, गैरहजेरी सोडली तर एकही चौकोन रिकामा नाही. डॉक्टर पानं उलटत गेला. एवढी व्यवस्थित नोंद मी कुठे पाहिली नाही, म्हणाला. मोठ्या बाईंनी त्याला विनंती केली की शेवटच्या पानावर आपला शेरा लिहा. त्याने सुतळीचं ते पेन ओढलं. दोन शब्द लिहिले, पुढचा आठवेना, आणि विचार करता करता पेनचं मागचं टोक त्याने दातांत धरलं.

मावशी एक पाऊल पुढे सरकल्या. ते टोक चावून चावून चपटं झालेलं होतं, आणि ते कोणी चावलं ते मावशींनी रोज स्टुलावर बसून पाहिलेलं होतं. संडासातून निघालेला प्रत्येक हात सरळ या पेनवर. आणि नाव सापडेपर्यंत पेन तोंडात. नुसते हात न धुता पोरं वर्गात गेली असती तर ज्याची घाण त्याच्यापाशी तरी राहिली असती. या वहीने ती सगळ्यांना सारखी वाटून दिली. मधल्या सुट्टीत, डबा उघडायच्या ऐन आधी.

"साहेब, ते पेन..." मावशी म्हणाल्या.

"मावशी, चहा सांगा," मोठ्या बाई म्हणाल्या.

चहा घेऊन मावशी आत आल्या तेव्हा खोलीचा नूर बदललेला होता. पाणी चांगलं, पोरांचे हात धुतलेले. मग राहिलं कोण? पाणी वाढणारा हात. डॉक्टरने विचारलं, या बाईंच्या हात धुण्याची नोंद कुठे आहे? वही पुन्हा चाळली गेली. अडीचशे नावांत मावशींचं नाव कुठेच नव्हतं. कारकून कोपऱ्यात उभा होता, त्याने पायाच्या अंगठ्याकडे पाहिलं. मावशींनी आपले हात पुढे केले, चिरा पडलेले, पांढरे फटक. डॉक्टरने पाहिल्यासारखं केलं. म्हणाला, आता धुतलेले आहेत, तेव्हाचं काय सांगणार.

मग मोठ्या बाईंनी आरोग्यदूताला बोलावलं. डॉक्टरला काय ठाऊक ही पोर कोणाची. बारकी आली, बिल्ला सरळ केला, मोठ्या बाईंकडे पाहिलं. आईकडे पाहिलं नाही.

"सगळी मुलं हात धुऊनच सही करतात ना?" डॉक्टरने विचारलं.

"हो."

"आणि या मावशी? पाणी देण्याआधी हात धुतात?"

खोलीत पंखा कुरकुरत होता. मावशींना वाटलं, आता बोलेल. चौदा वर्षं जी माझ्या हातांच्या साबणाच्या वासात वाढली ती बोलेल.

"मावशींचं मी कधी पाहिलं नाही," बारकी म्हणाली.

मावशींच्या जिभेवर सगळं आलं होतं. कट्ट्यावरचे कावळे, बादली, पेन. एक वाक्य बोलल्या असत्या तर अख्खी वही खोटी पडली असती. पण वहीतली पहिली खोटी सही कोणाची होती? आणि ती कोणी करू दिली होती? आपलेच दात आणि आपलेच ओठ. मावशींनी रिकामे कप उचलले आणि बाहेर आल्या.

डॉक्टरच्या अहवालात तीनच ओळी होत्या. पाणी निर्दोष. मुलांच्या हात धुण्याच्या नोंदी अत्यंत समाधानकारक. पाणीवाटप करणाऱ्या कर्मचाऱ्याच्या हातांच्या स्वच्छतेची कोणतीही नोंद उपलब्ध नाही. बस. मावशींनी रोग पसरवला असं त्यात कुठेही लिहिलेलं नव्हतं. मावशींचं रक्त तपासलं असतं तर निदान त्यांच्यापुरतं खरंखोटं झालं असतं, पण रक्ताला चार दिवस लागतात आणि पालक फाटकाशी उभे होते. मोठ्या बाईंनी फाटकाशी जाऊन तिसरी ओळ मोठ्याने वाचली. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच. हंगामी बाईला काढायला नोटीस लागत नाही, पत्र लागत नाही. उद्यापासून येऊ नका, एवढं पुरतं. कायमचा कागद जिथे होता तिथेच राहिला, त्याची आता कोणाला गरज नव्हती.

त्या संध्याकाळी बारकी खूप रडली. सकाळी मोठ्या बाईंनी तिला बोलावून घेतलं होतं. वही खोटी ठरली तर ढाल जाईल, शाळेचं नाव जाईल, तुझा बिल्ला जाईल आणि सगळ्यांत आधी तुझी आई अडकेल, कारण वहीवर बसायला तीच होती, असं म्हणाल्या होत्या.

"मी खरं सांगितलं असतं तरी तूच अडकली असतीस, आई," बारकी हुंदके देत म्हणाली.

"मग खरं सांगून अडकवायचं होतंस," मावशी म्हणाल्या.

 पोरीचा राग करावा तर तिला त्या पटांगणात कोणी उभं केलं होतं, आणि न करावा तर तो जाणार कुठे? मावशी तो गिळून बसल्या. असला राग पचत नाही, सांगून ठेवतो.

कामं शोधायला बाहेर पडल्यावर कळलं की त्यांच्या आधी त्यांचं नाव पोचलेलं आहे. खाणावळीत गेल्या, मालकीण दारातूनच म्हणाली, तुम्हीच ना त्या काविळीच्या? लहान मुलं सांभाळायचं एक काम होतं, तिथे दोन दिवसांनी नको म्हणाले. जुन्या दवाखान्यात गेल्या, तर ती सिस्टर कधीच वारलेली. शेवटी भंगाराच्या वखारीत काम मिळालं. पत्रा वेगळा, बाटल्या वेगळ्या, तारा वेगळ्या. तिथे हातांबद्दल कोणी काही विचारत नाही. दोन महिन्यांत मावशींच्या चिरांमध्ये काळं बसलं. ते साबणाने निघत नाही, घासून बघा हवं तर.

शाळेत कावीळ हळूहळू आपोआप ओसरली, तशी ती ओसरतेच. पण लोक म्हणाले, बघा, बाई गेली आणि रोग गेला. मावशींच्या जागी दुसरी बाई आली, हंगामी. मोठ्या बाईंनी तिच्यासाठी वहीत शेवटी एक नवं पान आखून घेतलं, आणि सुतळीचं पेन तेच राहिलं.

वर्षअखेर शाळेला स्वच्छ हातांची ढाल मिळाली. हातवहीचं विशेष कौतुक झालं, इतर शाळांनीही ती सुरू करावी असं व्यासपीठावरून सांगण्यात आलं. बारकीने सात पायऱ्या म्हटल्या, एकही चुकली नाही. तिचा फोटो निघाला, प्रमाणपत्र मिळालं.

ती घरी आली तेव्हा मावशी वखारीतून येऊन स्वयंपाकाला लागल्या होत्या. बारकीने प्रमाणपत्र आईला दाखवलं नाही, कपाटावर उपडं ठेवलं, बिल्ला काढून त्यावर ठेवला. मावशींनी ताटं वाढली. डॉक्टर शाळेत आला त्या दिवसापासून घरातलं वास घेणं बंद होतं. कोणी बंद केलं असं नाही, त्या संध्याकाळी आईने मागितला नाही आणि पोरीने दिला नाही, मग पुढे राहूनच गेलं. पण त्या दिवशी बारकी मोरीत गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही. नळ वाहत होता, साबण खाली पडल्याचा, पुन्हा उचलल्याचा आवाज आला. मग ती आली, आईच्या समोर मांडी घालून बसली आणि दोन्ही तळवे लहानपणी धरायची तसे तिच्या नाकाशी धरले. 

"वास बघ ना, आई."

वास तर आलाच होता. ती मोरीतून निघाली तेव्हापासूनच येत होता.

"राहू दे," मावशी म्हणाल्या. "सही केलीस ना? मग झालं."

आणि त्यांनी ताट पुढे सरकवलं.